दातखिळी

हेगमध्ये, ट्रामच्या शेवटून तिसऱ्या थांब्यावर,
सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यात आमचा दवाखाना.
खिडकीतून समुद्र दिसत नाही, वारा मात्र तिथलाच येतो.
मंगळवारी पावणेपाचला यद्रांका पिलाव येतात,
कोर्टातल्या दुभाषी.
तोंडात दोन बोटंही मावत नाहीत.
रात्री दात इतके आवळतात
की मागच्या दाढांचे कंगोरे गेलेत,
पायरी झिजते तसे मधोमध.

डॉक्टर टेर वील म्हणतात, स्नायूंनी धरून ठेवलंय.
काय, ते त्यांनाही ठाऊक नाही.

माझं काम एवढंच:
कानाच्या पुढे, जबड्याचा सांधा बोटाला लागतो
तिथली त्वचा स्पिरिटनं पुसायची,
दोन्हीकडे एकेक चिकट चकती,
तिसरी मानेमागे, केस वर धरून.
तारा जोडायच्या. बटण हळूहळू फिरवायचं.
चारवर पापणी लवते,
सहावर हनुवटी.

टुक.
दीड सेकंद काही नाही.
टुक.
जबडा जरासा उडतो, परत येतो,
गळाला लागलेल्या माशासारखा, म्हणणार होते,
पण नाही, तेवढा आकांत नसतो त्यात.
तान्हं मूल झोपेत ओठ हलवतं ना,
तोंडात दूध नसताना, तसं.

पंचेचाळीस मिनिटं.
पहिल्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं,
तुम्ही काहीच करायचं नाही,
यंत्र हलवेल तेव्हा हलू द्यायचं.
त्या हसल्या, तेवढ्या फटीत जमेल तेवढं.
"अकरा वर्षं तेच करतेय," म्हणाल्या.

पुढे कधीतरी, चकत्या लावताना, त्यांनी सांगितलं:
दुभाषानं 'तो म्हणतो' म्हणायचं नसतं.
'मी' म्हणायचं.
साक्षीदार म्हणाला, मी सात दिवस तळघरात होतो,
की यांनी म्हणायचं, मी तळघरात होतो.
आरोपी म्हणाला, मी त्या आठवड्यात गावातच नव्हतो,
की यांनीच म्हणायचं, मी गावातच नव्हतो.
सकाळी तळघर, जेवणानंतर गाव.
जिभेला हाड नसतं, ते बरंय.
जबड्याला असतं.

त्यांच्या कक्षाला काच आहे.
आवाज आत येतो, बाहेर जातो,
मध्ये काही राहता कामा नये.
राहता कामा नये, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

आज यंत्र सुरू करून मी ट्रे धुवायला गेले.
परतले तर डोळे मिटलेले,
हात खुर्चीच्या दांडीवरून सुटून मांडीत आलेले,
आणि टुक, टुक,
तोंड हलत होतं,
कुणीच काही म्हणत नव्हतं.
ना साक्षीदार, ना वकील,
ना गावात नसलेला तो.
खाली कुणी सायकलचे आरे घट्ट करत होतं,
छेडून पाहत होतं एकेक.
एक आरा सारखा बेसूर वाजत होता.

शेवटी दातांमध्ये निळसर मऊ लगदा.
चावायचं नाही,
जबडा थांबेल तिथे थांबू द्यायचा.
थांबला तो रोजच्या जागेहून दीड मिलिमीटर पुढे,
किंचित डावीकडे.
डॉक्टरांनी मोजलं, फायलीत लिहिलं.
पलीकडच्या गल्लीतले दंतवैद्य या यंत्राला मानत नाहीत.
दिवस वाईट गेला असेल तर
आमचे डॉक्टरही फारसे मानत नाहीत.
मी लगदा उजेडात धरून पाहिला.
झिजल्या दाढांची दोन तळी,
काठावर माझ्या अंगठ्याचा ठसा.

चकत्या काढल्या, गालांवर दोन लाल वर्तुळं राहिली.
चूळ भरायला तोंड उघडलं,
तीन बोटं मावतील एवढं.
आरशात बघून त्या एक शब्द बोलल्या,
त्यांच्या भाषेतला, छोटासा,
शेवटी ओठ मिटणारा.
मी विचारलं, म्हणजे काय?

कोटाची बटणं लावत म्हणाल्या,
"सहा वाजून गेले.
सहानंतर मी भाषांतर करत नाही."